सेहेचाळीस वेळा ‘बरोबर’

मराठीत आकडे जोडता येत नाहीत
हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.
ते कळलं कर्वेनगरच्या एका तळघरात,
गुरुवारी, पाणी बंद असलेल्या दिवशी.
इंग्रजीत म्हणे वीस आणि तीन वेगळे बोलून घेतात
आणि यंत्र दोघांना शिवून टाकतं.
आपल्याकडे तेवीस तो तेवीसच,
आणि एकोणसाठ साठाच्या दारात उभा
पण साठाचा कुणी लागत नाही.
म्हणजे शालनबाई, शून्य ते शंभर
सगळे लागतील.
एकदा आनंदाने, एकदा हळहळत.

शालन निगुडकर. ‘घंटेच्या आधी’मधल्या.
सतरा वर्षं रविवारी सकाळी
आधी गाव, मग नाव घेणाऱ्या:
‘जतहून आलेत आपले बाबर’,
आणि बाबर लाजून बटणच विसरायचे.
तोच खेळ आता मोबाइलवर येणार होता
आणि मी त्यांच्यासाठी लिहीत होतो
गाव नसलेल्या, नाव नसलेल्या
चारशे बारा ओळी.

पहिल्याच पानावर त्या अडल्या.
‘जिंकलास म्हणू, का जिंकलीस?’
‘जिंकलात म्हणा. समोर कोण असेल ठाऊक नाही.’
‘सात वर्षांचं पोर असलं तरी अहोजाहो?’
‘तरीही.’
त्यांनी चष्मा पुसला
आणि माइकला म्हणाल्या, ‘जिंकलात’,
माइक जणू नवा जावई.

‘बरोबर’ सेहेचाळीस वेळा.
वरच्या मजल्यावर कुकर चढला की इरफान हात वर करायचा,
आम्ही तिघं श्वास धरून शिट्ट्या मोजायचो.
तिसरीनंतरही कुणी हलायचं नाही,
काहींच्या घरी डाळ चौथीला शिजते.

‘चूक’ मात्र म्हणेनात.
‘मी जवळ होतात म्हणायचे.’
‘बाई, प्रश्न राजधानीचा आहे. त्यात जवळ कसलं?’
‘का? शेजारच्या राज्याची सांगितली असेल.’
ओळ बदलली.
त्र्याहत्तरला थांबल्या, हसल्या,
‘हे आमचंच’ म्हणाल्या, आणि पुन्हा नीट म्हणाल्या.
इरफाननं विचारलं, कुठला ठेवू?
मी हसण्याचा ठेवला.
कुणाला कधी त्र्याहत्तर गुण मिळाले
तर त्याला वाटेल, आपलंच काही चुकलं.

पान एकोणतीस.
खेळणारा वीस सेकंद गप्प राहिला तर: ‘आहात ना?’
चाळीस सेकंद: ‘मी थांबलेय.’
साठ सेकंदांपुढे कोरं.
‘आणि मग मी कुठे जाते?’
‘मुख्य पानावर’, मी म्हणालो,
कारण लिहिलेलं तेच होतं.

‘आहात ना’ काही केल्या जमेना.
एकदा निवेदन झालं, एकदा तक्रार.
शेवटी म्हणाल्या, ‘समोर एक खुर्ची ठेवा,
आणि खुर्चीत कुणीतरी.’
चहा घेऊन आली होती वॉचमनची वनिता,
तिलाच बसवली. किटली मांडीवर,
पाय जमिनीला टेकत नव्हते.
बाईंनी तिच्याकडे पाहिलं.
कागदाकडे नाही.
‘आहात ना?’

‘हो’, वनिता म्हणाली.

टेक गेला, असं आम्ही तोंडानं म्हणालो.
मग आणखी सात घेतले, सगळे स्वच्छ,
सगळे बिनकामाचे.
बाहेर आल्यावर बाईंनी रिक्षावाल्याशी
मीटरवरून सविस्तर भांडण केलं
आणि सिंहगड रोडला निघून गेल्या.

तोच टेक वापरला. ‘हो’ कापून.
इरफाननं लाट मोठी करून दाखवली:
इथे बाई संपतात, इथे पोरगी सुरू होते.
मधे केसाएवढीही फट नव्हती.

रात्री मी खेळ तपासतो.
प्रश्न येतो, मला उत्तर येत असतं,
बटण दाबत नाही.
वीस सेकंदांनी त्या विचारतात,
आणि हेडफोन घट्ट धरला तर
‘ना’च्या अगदी काठाला
‘ह’ची एक कड उरलेली ऐकू येते.
दोषांच्या यादीत अजून लिहिलेली नाही.